रस्त्याकडे तोंड केलेली पॅनेलं

"समजा, मी समिती," असं म्हणून आमचे डायरेक्टर पाटसकर सर खुर्चीत मागे रेलले, पोट पुढे काढलं आणि डोळे अर्धे मिटून घेतले. समिती अशीच बसते, असा त्यांचा अनुभव असावा. "आता मी विचारतो. मुलांनो, इथे तुम्हाला काही अडचण?"

"नाही, सर," आम्ही बावीस जण एकदम ओरडलो.

"एका सुरात नको हो. पाढे म्हटल्यासारखं वाटतं. एकेक जण बोला. मनापासून. तायडे, तुम्ही सांगा."

प्रांजली तायडे अकोल्याची. तिला मनापासून बोला म्हणणं म्हणजे आ बैल मुझे मार. ती म्हणाली, "बाकी काही अडचण नाही, सर. फक्त पवनचक्कीले पंखा लागते."

सगळे खाली मान घालून हसू दाबायला लागले. आमच्या प्रयोगशाळेत एक हातभर उंचीची पवनचक्की होती. तिच्यावर वारा यायचा कुठून? खोलीला एकच खिडकी, तीही जिन्यात उघडणारी. म्हणून समोर एक टेबलफॅन ठेवलेला. फॅनची पिन भिंतीतल्या सॉकेटमध्ये घालायची, फॅन फिरला की पवनचक्की फिरायची, आणि ती फिरली की तिच्या बुडाशी असलेला मिणमिणता दिवा लागायचा. वाऱ्यापासून वीज कशी तयार होते, ते आम्ही असं शिकलो. लोडशेडिंग असलं की वारा पडायचा.

"बघू. त्यावर मी मेल करतो," पाटसकर सर म्हणाले.

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बायोगॅसच्या टाकीत दोन वर्षांत शेणाचा एक पो पडला नाही, सांगितलं तर मेल करतो. सौर ऊर्जा शिकवायला येणारे गृहस्थ मूळचे कापड तंत्रज्ञानातले आहेत आणि पडद्यावरचं वाचून दाखवतात, सांगितलं तर मेल करतो. हा मेल ते कुणाला करायचे देव जाणे. आम्हाला तरी एकही आला नाही.

संस्थेचं नाव मी सांगत नाही. अजून चालू आहे आणि जोरात चालू आहे. अक्षय ऊर्जेतली दोन वर्षांची मास्टर्स पदवी, महामार्गाला लागून माळावर काचेची इमारत, जाहिरातीत पिवळं हेल्मेट घातलेली हसरी मुलगी. 'उद्याच्या विजेचे शिल्पकार व्हा.' मी जयसिंगपूरचा. वडिलांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. जळालेली मोटर आणायची, तांब्याची तार नव्याने गुंडाळायची, वॉर्निश मारायचं, की पंप पुन्हा सुरू. त्यांनी जाहिरात चष्मा लावून दोनदा वाचली आणि म्हणाले, "अभिनंदन, माझा जन्म जळक्या तारांत गेला. तू जा. उन्हाची वीज शीक." फी ऐकून ते घोटभर पाणी प्यायले आणि त्यांनी दुकानावर कर्ज काढलं. एवढ्या पैशात आमच्या गल्लीत एक टुमदार घर झालं असतं. मी मात्र त्या पैशात टेबलफॅनसमोर बसून होतो.

आणि आमचं खरं भूषण होतं गच्चीवर. चाळीस सोलर पॅनेलं. महामार्गावरून जाणाऱ्या प्रत्येक एसटीतून दिसायची, उन्हात अशी चमकायची की माणसाने खिडकीतून मान बाहेर काढून बघावं. खाली दर्शनी दालनात भला मोठा पडदा होता. त्यावर हिरव्या अक्षरांत 'आत्ताची वीजनिर्मिती' असा आकडा चालायचा. सकाळी शून्य, दुपारी बाराला अठरा किलोवॅट, संध्याकाळी पुन्हा शून्य. येणारे पालक त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढायचे.

तो आकडा मी लिहिला होता. म्हणजे तो चालवणारा प्रोग्रॅम. पहिल्या वर्षाचा माझा प्रकल्पच तो. पाटसकर सर म्हणाले होते, "तात्पुरता नमुना करा, मगदूम. खरी जोडणी झाली की खरा आकडा लावू." मी घड्याळावर चालणारा आकडा केला, मध्येच एखादा ढग आल्यासारखा तो खाली यायचा, पुन्हा वर जायचा. त्या ढगांचा मला फार अभिमान होता. मला वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले आणि खरी जोडणी काही झाली नाही.

ते कळलं तांबोळीमामांमुळे. मामा संस्थेचे वायरमन, जवळच्या खेड्यातले. एकदा तायडेने त्यांना पॅनेलांचा इन्व्हर्टर दाखवायला सांगितला. मामांनी कपाट उघडलं. आत दोन खराटे, फिनेलचा कॅन आणि मामांचा जेवणाचा डबा.

"वायर खाली आलीया बघा," मामा म्हणाले. "पर म्होरं कुठं गेलीच न्हाई. आन गेली असती तरी काय उजेड पडला असता? समदी पॅनेलं उत्तरंला तोंड करून बसवल्यात."

आम्ही गच्चीवर गेलो. खरंच की! सूर्य आपल्याकडे दक्षिणेच्या अंगाने जातो. पॅनेलाचं तोंड दक्षिणेला असावं, हे पहिल्या धड्यातलं पहिलं वाक्य. माझी आई चौथी शिकलेली, तीसुद्धा थंडीत कपडे दक्षिणेच्या अंगणात वाळत घालते. मागल्या बाजूला घातले तर संध्याकाळपर्यंत ओलेच राहतात. आणि इथे चाळीसच्या चाळीस पॅनेलं सूर्याकडे पाठ करून बसलेली.

"असं काहून केलं?" तायडेने विचारलं.

"रस्ता तिकडं हाय न्हवं," मामा म्हणाले. "म्या म्हनलो सायबास्नी, उलटी हुत्यात. तर म्हनले, मामा, पाठीमागून चांगली दिसत न्हाईत."

आम्ही दीड वर्ष त्या गच्चीखाली बसून होतो. रोज गेटातून येताना मान वर करून ती पॅनेलं बघत होतो. बावीस इंजिनियर. एकाच्याही टाळक्यात प्रकाश पडला नाही. मामा आम्हाला हसले नाहीत, ही त्यांची मेहेरबानी.

त्याच आठवड्यात तायडेने कागद लिहिला. मानांकन समिती येणार होती, तिच्या अध्यक्षांच्या हातात द्यायचा. पवनचक्की, शेणाची टाकी, कापडवाले मास्तर, खराट्यांचं कपाट, उलटी पॅनेलं, सगळं एका पानावर. पहिलं वाक्य होतं : 'आम्हाला इथे दीड वर्ष नेमकं काय शिकवलं, याची चौकशी व्हावी.'

सही करायची वेळ आली तसे सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. पहिली सही कुणाची? पहिल्याचं प्रॅक्टिकल बुडणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. तायडेने कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर ताटली ठेवून गोल काढला.

"या गोलावरून सह्या करा," ती म्हणाली. "गोलाले पहिला-दुसरा नसते."

बावीस सह्या गोलात बसल्या. आता कागद देणार कोण, एवढाच प्रश्न उरला. देणारा तर एकच लागतो. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. कारण सरळ होतं. वर्गात मी सगळ्यात जास्त टर उडवायचो. पाटसकरांना 'सूर्यनारायण' हे नाव मी ठेवलेलं. मेसच्या आमटीपासून मास्तरांच्या इंग्रजीपर्यंत मी कुणालाही सोडलं नव्हतं.

"मगदूमच देईल," पोरं म्हणाली. "त्याच्या जिभेला हाड नाही."

"देणार ना बे?" तायडेने विचारलं. "पाहा हं. मागच्या पोरांनी तोंड बंद ठेवलं म्हणून आपण इथे आलो. आपणबी बंद ठेवलं तं पुढचे येतीन."

"अगं, देतो म्हणजे काय! वाचून दाखवतो," मी म्हणालो आणि कागदाची घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

समितीच्या दिवशी सकाळी नऊला शिपाई मला बोलवायला आला. पाटसकर सर आपल्या खोलीत एकटे होते.

"या मगदूम. बसा. चहा घेणार?"

दीड वर्षात त्यांनी मला पहिल्यांदा बसा म्हटलं होतं. मी बसलो. चहाही घेतला.

"कागदबिगद फिरतोय म्हणे काहीतरी," ते बशीत चहा ओतत म्हणाले. "फिरू द्या. लोकशाही आहे. द्या तुम्ही समितीला. समिती काय करील? मानांकन काढून घेईल. माझं काय जाणार? मी दुसरीकडे डायरेक्टर होईन. तुमचं सांगतो. तुमच्या डिग्रीच्या कागदात जयसिंगपूरला भडंग बांधून देतील."

मी कप खाली ठेवला.

"वडिलांचं दुकान आहे ना? रिवाइंडिंगचं?" त्यांनी चहाचा घोट घेतला. "पुण्यात एका कंपनीत तुमचं नाव सांगून ठेवलंय मी. हुशार मुलगा आहे म्हटलं. बघा. तुम्ही सुज्ञ आहात."

मी बाहेर आलो तेव्हा तायडे व्हरांड्यात उभी होती. तिने नुसती भुवई उडवली. मी छातीवर, खिशाच्या जागी, हात ठेवून दाखवला. कागद होता. मी तो देणारच होतो. आज कुणी शपथेवर विचारलं तरी मी हेच सांगेन, आणि ती शपथ खरी का खोटी हे मलाच ठाऊक नाही.

समितीत तिघे होते. अध्यक्ष गाडीतून उतरले ते थेट सत्कारातच. शाल, श्रीफळ, फेटा. फेटा त्यांना इतका आवडला की त्यांनी तो जेवतानाही काढला नाही. दुसऱ्या एक प्राध्यापिका होत्या. त्यांच्या मुलीचं त्याच दिवशी कुठेतरी प्रवेशाचं काम चाललेलं, त्या फोनवर होत्या. तिसरे गोवंडे साहेब. वीज मंडळातून निवृत्त झालेले मुख्य अभियंता. काटकुळे, पायात साध्या चपला, डोक्यावर उन्हाची टोपी. त्यांनी शाल घेतली नाही, शहाळं घेतलं नाही. "इमारत बघतो," म्हणाले आणि एकटेच बाहेर गेले. पाटसकर सर त्यांच्यामागे जवळजवळ पळतच सुटले.

परत आले तेव्हा आम्ही बावीस जण दर्शनी दालनात रांगेने उभे होतो. बरोबर बारा वाजले होते. माझा पडदा अठरा किलोवॅट दाखवत होता. गोवंडे साहेब पडद्यासमोर थांबले. मग काचेतून बाहेर बघितलं, पुन्हा पडद्याकडे.

"ही वरची पॅनेलं कुणीकडे तोंड करून आहेत?" त्यांनी विचारलं.

"सर, प्रवेशद्वाराकडे," पाटसकर म्हणाले.

"प्रवेशद्वाराकडे." साहेबांनी टोपी काढली. "सूर्य येतो का हो तुमच्या प्रवेशद्वारातून?"

कुणी हसलं नाही. पाटसकरांच्या तोंडाचं पाणी पळालं. ते "सर, ते आर्किटेक्ट..." असं काहीतरी पुटपुटले आणि थांबले. फेटेवाले अध्यक्ष जवळ आले. प्राध्यापिकाबाईंनी फोन खाली घेतला. तायडे माझ्याकडे बघत होती. मग तिने माझ्या खिशाकडे बघितलं. याहून चांगली वेळ ब्रह्मदेवानेही काढून दिली नसती. एक पाऊल पुढे टाकायचं आणि कागद द्यायचा. बोलायचीसुद्धा गरज नव्हती.

मी एक पाऊल पुढे टाकलं.

"सर, तो मुद्दाम केलेला प्रयोग आहे," मी म्हणालो.

माझ्याच कानांवर माझा विश्वास बसेना. पण जीभ सुटली होती.

"कसला प्रयोग?"

"सर, पॅनेल तापलं की वीज कमी देतं." हे खरं होतं. खोटं बोलताना सुरुवातीला थोडं खरं लागतं, पुढचं मग आपोआप पचतं. "आपल्याकडे ऊन भरपूर, पण उष्णताही भरपूर. दक्षिणेकडची पॅनेलं तापतात, लवकर खराब होतात. उत्तर दिशेची थंड राहतात. त्यांना आकाशातला पसरलेला प्रकाश मिळतो. आज वीज कमी मिळते, सर, पण पंचवीस वर्षांचा हिशेब केला तर महाराष्ट्राच्या हवामानात कदाचित हीच दिशा सरस ठरेल. तेच आम्ही तपासतोय."

"आणि हे अठरा किलोवॅट? उत्तरेला तोंड करून, डिसेंबरात?"

"तो दक्षिणेकडच्या पॅनेलांचा अपेक्षित आकडा आहे, सर. तुलनेसाठी लावलाय. खरा आकडा आम्ही हाताने नोंदवतो."

"किती दिवस?"

"चौदा महिने, सर."

आमच्या मागे कुणीतरी खोकलं. अध्यक्षांनी फेटा सावरत "वा! स्थानिक हवामान! फार छान!" म्हटलं. पाटसकर सरांच्या चेहऱ्यावर हळूहळू रक्त परत येत होतं. गोवंडे साहेब मात्र माझ्याकडेच बघत होते.

"नाव काय तुझं?"

"अभिनंदन मगदूम."

"वडील काय करतात?"

"मोटर रिवाइंडिंग."

"म्हणजे त्यांना वीज कळते," गोवंडे साहेब म्हणाले. "नोंदी पाठवा मला."

"आजच मेल करतो, सर," पाटसकर म्हणाले.

जेवणाची पंगत उठली. साहेब दहीभात खाऊन गाडीत जाऊन बसले. पाटसकर सरांनी हात धुता धुता माझ्या खांद्यावर ओला हात ठेवला. अगदी खूश होते. डोळे मिचकावून म्हणाले, "आणि म्हणे आम्ही तुम्हाला काही शिकवलं नाही!"

कागदाच्या पहिल्या वाक्याचं असं उत्तर मिळालं. कागद त्यांनी वाचलेला होता, हे मला तेव्हा कळलं. कुणी दाखवला ते शेवटपर्यंत कळलं नाही. गोलाला पहिला नसतो.

तायडे मला सायकल स्टँडपाशी भेटली.

"कागद?" तिने विचारलं.

"अगं, गर्दीत जमलं नाही. आणि विचार कर, मानांकन गेलं असतं तर आपलीच डिग्री..."

"माह्या कागदावर तुही सही हाय," ती म्हणाली. "थे खोडून दे. मंग जा."

"आता खोडून काय उपयोग?"

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. "खोटं बोलला थे जाऊ दे," ती म्हणाली. "भेतात लोक. पण किती चांगलं बोलला बे तू! भ्यायल्यासारखं एक अक्षर नव्हतं त्यात."

पुढच्या सहा महिन्यांत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. बाकीचेही बोलले नाहीत, पण त्यांचं मला काही वाटलं नाही. मानांकन मिळाल्यावर पेढे खायला तेच पुढे होते. तायडेने पेढा घेतला नाही. ती आज वाशिमकडे शेतपंपांना सोलर बसवते असं ऐकतो. तिची पॅनेलं दक्षिणेला तोंड करून असणार, ती रस्त्यावरून दिसोत न दिसोत.

चौदा महिन्यांच्या नोंदी मी चार दिवसांत तयार केल्या. प्रोग्रॅम होताच. ढगही होते. थोडे आकडे इकडचे तिकडे केले, मधून दोन दिवस मुद्दाम कोरे सोडले, 'सुट्टी' म्हणून. पाटसकर सरांनी खरोखरच मेल केला. दोन वर्षांतला तो एकच मेल मी डोळ्यांनी पाहिला. समितीने वरची श्रेणी दिली आणि अहवालात 'स्थानिक हवामानावरील उल्लेखनीय संशोधन' असा शेरा मारला. गोवंडे साहेबांनी वेगळं टिपण लिहिलं होतं म्हणतात. ते कुठल्या कपाटात गेलं, कुणास ठाऊक, बहुधा खराट्यांच्याच. मग त्या नोंदींचा शोधनिबंध झाला. लेखक : डॉ. पाटसकर आणि मगदूम. आणि पुण्याच्या कंपनीत मला नोकरी लागली. वडिलांनी दुकानात बर्फी वाटली. "उन्हाची वीज शिकला पोरगा," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. मला त्यांच्याकडे बघवेना. मी दुसऱ्याच दिवशी पुण्याला निघून आलो.

अकरा वर्षं झाली. परवा आमच्या कंपनीत मुलाखती होत्या. टेबलाच्या या बाजूला मी आणि आमचे कामत, हा माणूस फटकळ पण कामाला चोख. दुपारी एक मुलगी आली. संज्योत वाकळे, जिंतूरची. धुवून धुवून मऊ झालेला ड्रेस, हातात प्लॅस्टिकची फाइल. फाइलवर त्या संस्थेचं चिन्ह, उगवता सूर्य. मी पाणी प्यायलो.

कामतांनी सोप्यापासून सुरुवात केली. "महाराष्ट्रात पॅनेलं कुठल्या दिशेला तोंड करून बसवायची?"

"उत्तरेला, सर," ती म्हणाली.

कामतांना वाटलं, घाबरली. "शांतपणे सांग. घाई नाही."

"उत्तरेलाच, सर. जुन्या पुस्तकांत दक्षिण दिलंय. पण आमच्याकडे त्यावर संशोधन झालंय. पॅनेलं थंड राहतात, आयुष्य वाढतं. पंचवीस वर्षांचा हिशेब धरला तर आपल्या हवामानात उत्तर दिशा सरस." सगळं घडाघडा पाठ होतं. माझी वाक्यं, माझ्याच क्रमाने. "आम्हाला तो पूर्ण धडाच आहे, सर. परीक्षेला दहा गुणांना येतो. पाटसकर आणि मगदूम यांचा प्रयोग." तिने माझ्यासमोरच्या पाटीकडे बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. "सर, तुम्हीच ना ते? मी त्यासाठीच इथे अर्ज केला."

कामत खुर्चीत वळले. "काय हो मगदूम, हा काय प्रकार?"

"मगदूम आमच्या भागात पैशाला पासरी मिळतात," मी म्हणालो. "तो कुणी दुसरा असेल."

कामत पोट धरून हसले. हसता हसता तिला म्हणाले, "बाळ, घरी गेलीस की आईला विचार, थंडीत कपडे कुठल्या बाजूला वाळत घालते. कुठून येता गं तुम्ही, पैसे भरून असलं शिकून?" मीही हसलो. ते हसणं माझं मलाच ऐकू आलं. ती मुलगी आधी थोडी हसली, आम्ही हसतोय म्हणून. मग तिचे कान लाल झाले. तिने फाइल उचलली, "थँक्यू सर," म्हणाली आणि गेली. कामतांनी तिच्या नावापुढे फुली मारली.

मी "आलोच" म्हणून उठलो. जिना उतरून रस्त्यावर गेलो. ती बसथांब्यावर उभी होती, फाइल छातीशी धरून. मला बघून ती सावरून उभी राहिली. नोकरी मिळाली असंच तिला वाटलं असणार.

"तो मगदूम मीच," मी म्हणालो. "तो प्रयोग झालाच नव्हता. आकडे मी बनवले होते. पॅनेलं दक्षिणेलाच बसवतात."

रस्त्यावरून दोन गाड्या गेल्या.

"मग सर, हे तुम्ही लिहून द्याल का?" ती म्हणाली. तिने फाइल उघडून मागचं एक कोरं पान काढलं आणि पेन पुढे केलं. "एवढंच लिहा, की ते खोटं आहे. खाली सही करा. आमच्या वर्गात एकतीस जण आहेत. पुढच्या आठवड्यात सगळ्यांच्या मुलाखती आहेत, आणि सगळे हेच सांगणार आहेत. माझं बोलणं कुणी ऐकणार नाही. तुमचं ऐकतील."

तिच्या हातातलं पान वाऱ्याने फडफडत होतं. माझ्या घरी कपाटात, डिग्रीच्या फाइलमध्येच, गोलात बावीस सह्या केलेला तो कागद अजून आहे. इथे तर एकच सही करायची होती. मी पेन हातात घेतलं. कंपनी, पद, कामत, पाटसकरांनी टाकलेला तो शब्द, सगळं डोळ्यांपुढून गेलं. लाज वाटत होती, हे मी नाकारत नाही. पण लाजेने कधी कुणाचा हात चालला आहे?

मी पेन तिला परत दिलं.

"असं रस्त्यात उभ्या उभ्या नको," मी म्हणालो. "नीट लिहायला हवं. तुझा पत्ता आहे माझ्याकडे. मी मेल करतो."

तिने पानाची व्यवस्थित घडी केली आणि फाइलमध्ये ठेवली.

"पाटसकर सरपण असंच म्हणतात," ती म्हणाली, आणि बस आली तशी चढून गेली.